हूं म्हणायची जागा

१

सातवीच्या वर्गात स्पीकर लावायचा, मागच्या बाकावर जाऊन बसायचं आणि पोरं नेमकी कुठे कंटाळतात ते बघायचं, एवढंच शाल्मलाचं बुधवारचं काम होतं.

शिमोग्याच्या कडेची ती सरकारी शाळा. पाठ्यपुस्तकात जुन्या कन्नड काव्याच्या चार ओळी असत. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहायचा, पोरांनी तो उतरवून घ्यायचा, परीक्षेत ओकायचा आणि जन्मभर त्या काव्याचा धसका घेऊन जगायचं, अशी पद्धत. शाल्मलाला या पद्धतीचा मनस्वी संताप होता. तिच्या घरी गमक होतं. एक जण काव्य गातो, दुसरा शेजारी बसून त्याचा अर्थ फोडून सांगतो, आणि ऐकणाऱ्याला एक अक्षर वाचता येत नसलं तरी त्याचं काही अडत नाही. हेच रेकॉर्ड करून पोरांच्या कानांत का घालू नये, ही कल्पना तिचीच. एम. ए. होऊन ती ज्या छोट्या कंपनीत लागली होती, तिथे तिने ही कल्पना भांडून मान्य करून घेतली होती.

आणि ती लागू पडली होती. पुस्तकात दगडासारख्या बसलेल्या ओळी पोरं आता लंगडी घालताना गात होती. परागंदा झालेला राजा, त्याचं बारा वर्षांचं भटकणं, शेवटी स्वतःच्याच वेशीपाशी येऊन उभं राहणं. हजार वर्षांपूर्वीची भाषा, आणि मधल्या सुट्टीत भांडणं कशावरून, तर राजा कोण होणार यावरून.

त्या बुधवारी वेशीचा भाग होता. पदं गाणाऱ्या सरोजक्कांचा भरदार आवाज वर्गभर पसरला. पद संपलं. आता लगेच शाल्मलाच्या स्वतःच्या आवाजात, मोजक्या वाक्यांत अर्थ यायचा होता.

तो आला नाही.

बॅटरी गेली असेल म्हणून ती उठणार, तेवढ्यात वर्ग म्हणाला, "हूं."

सगळा वर्ग एकदम. मोठ्याने नव्हे, सहज. गोष्ट सांगणाऱ्याला आपण ऐकतोय हे कळावं म्हणून म्हणतात तसं. मग पुन्हा शांतता. पोरं स्पीकरकडे बघतच नव्हती. स्पीकरच्या डाव्या बाजूला बाईंची रिकामी खुर्ची होती, तिच्याकडे बघत होती. दोघी-तिघी गालांत हसल्या, जणू कुणी विनोद केला होता. पुन्हा, "हूं." आणि मग कुठे शाल्मलाचा आवाज सुरू झाला: "या पदात कवी सांगतो की..."

त्याबरोबर पोरं चुळबुळ करू लागली. कुणी जांभई दिली. शेवटच्या पदाला हात लागायच्या आत तास संपल्याची घंटा झाली. हा भाग तासात आरामात बसतो, हे शाल्मलाला पाठ होतं. तो तिनेच तसा कापला होता.

२

कापला होता म्हणजे काय कापलं होतं, ते सांगायला हवं.

गमकात अर्थ सांगणारे तिचे दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सागरजवळ सुपारीच्या बागेत त्यांचं घर. गावोगावच्या बैठकींत त्यांची जागा ठरलेली, गाणाऱ्याच्या डाव्या हाताला. आधी अडकित्ता एकदा कट्‌कन वाजवायचे, मग बोलू लागायचे. बोलणं कसलं, भरकटणंच ते. राजाच्या घोड्यावरून गावातल्या पोस्टमनच्या सायकलवर, तिथून बायकोच्या हातच्या, कैरीच्या आंबटढाण आप्पेहुळीवर, आणि श्रोते हसून हसून दमले की अलगद पुन्हा राजाच्या घोड्यावर.

त्यांचा एक नियम होता. मधे मधे ते थांबत. ऐकणाऱ्यांनी 'हूं' म्हणायचं. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. आणि खोटं 'हूं' त्यांना बरोबर कळे. लहानपणी शाल्मला खांबाला टेकून पेंगायची आणि सगळ्यांबरोबर 'हूं' ठोकून द्यायची. दोड्डप्पा थांबत. भुवया वर करत.

"पुट्टी, मी आत्ता काय म्हणालो?"

सगळी बैठक मान वळवून तिच्याकडे बघे. खोटं काहीतरी सांगितलं तर ते नुसतेच बघत राहत, पुढचं अक्षर काढत नसत. खरं सांगितलं, "ऐकलं नाही दोड्डप्पा," तर रागावत नसत. "बरं," म्हणत, आणि ते पद पहिल्यापासून सांगायला घेत. सगळ्यांसाठी, पुन्हा. मग बाकीची पोरं "अय्योऽऽ" करून कपाळाला हात लावत. त्या 'अय्यो'ची लाज तिला अजून आठवत असे.

मागच्या हिवाळ्यात तिने त्यांना शिमोग्याला आणून अख्खं काव्य रेकॉर्ड केलं. खोकत, कषायाचा काढा पीत, दमत, पण त्यांनी पुरं केलं. मग कंपनीच्या दिवाकर सरांनी ऐकलं आणि हसत सुटले.

"सरोजक्का फर्स्ट क्लास. पण हे अज्जा? 'हूं म्हणा' म्हणून थांबतात. स्पीकरला कोण हूं म्हणणार? भिंत?"

शाल्मलाने वाद घालायला हवा होता. तिने घातला नाही, कारण तिलाही तेच वाटत होतं. या म्हाताऱ्यांना कुठे थांबावं कळत नाही, हे तिचं जुनंच मत. तिने दोड्डप्पांना पदापदांतून उपटून काढलं, नेमका अर्थ लिहिला आणि स्वतःच्या आवाजात बसवला. सगळं कसं चकचकीत झालं. संगणकात जागा पुरेना तेव्हा त्यांचे मूळ आवाजही पुसून टाकले. ते ठेवून करायचं काय?

आणि दोड्डप्पांना फोनवर सांगितलं, "हो, आहे ना तुमचा आवाज. सगळा आहे."

त्यांनी ते गावभर सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची बायको, दोड्डम्मा, आता दर फोनला म्हणायची, "ते काय केलंयस ते एकदा आणून ऐकव ग त्यांना. स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटेल." शाल्मला कधी स्पीकर बिघडल्याचं सांगे, कधी युगादीचा वायदा करे. घरी जाणंच तिने टाळलं होतं.

३

ऑफिसात परत येऊन तिने वेशीचा भाग हेडफोन घालून ऐकला. पद संपत होतं आणि श्वासाच्या अंतरावर तिचा आवाज येत होता. मधे काही नव्हतं. पुन्हा ऐकला. काही नव्हतं.

तिने डोकं चालवलं. तिला डोकं चालवायची सवय होती. दोघं जवळ जवळ बसून रेकॉर्ड झालेलं. दोड्डप्पांचा आवाज सरोजक्कांच्या माईकमध्ये थोडा उतरला असेल. मोठ्यांना न ऐकू येणारं पोरांना ऐकू येतं, कान कोवळे असतात. हे पटण्यासारखं होतं. मग तेवढी शांतता कुठून आली? स्पीकरचा दोष. पोरं 'हूं' का म्हणाली? त्यांच्या घरी आज्या असतील, गोष्टी सांगत असतील. खुर्चीकडे का बघत होती?

तो प्रश्न तिने सोडून दिला.

"दिवाकर सर, पोरं मधेच हूं म्हणतात."

"म्हणजे ऐकतात!" दिवाकर सर खूश झाले. "जाहिरातीत टाकू हे. अग, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून आपण जिल्हाभर जातोय. सगळ्या सरकारी शाळा. पेन ड्राइव्ह भरायला घेतलेत."

"आणि तास पुरत नाही."

"नाही कसा? मी मोजलाय की."

तिने पुन्हा एकदा पद लावलं. या वेळी हेडफोन काढून, डोळे मिटून. पद संपलं. तिचा आवाज आला. तो इतका ठाम होता, इतका स्वच्छ, की तिला तो मधेच बंद करावासा वाटला.

४

पुढच्या बुधवारी तिने शाळेत नवा स्पीकर नेला आणि मुद्दाम तोच भाग लावला.

तसंच झालं. पद, मग शांतता. पण आता ती शांतता नुसती रिकामी नाही, हे तिला जाणवलं. पोरांचे चेहरे हलत होते. कुणी पुढे झुकलं, कुणाच्या भुवया वर गेल्या, पहिल्या बाकावरची बिंदुश्री तोंडावर हात दाबून खिदळली. ओढ्याच्या पलीकडे कुणी तरी बोलत असावं आणि आपल्याला फक्त ऐकणाऱ्यांची तोंडं दिसावीत, तसं. "हूं." शाल्मलाने कान टवकारले. पंख्याची घरघर होती, बाहेर कुणी हातपंप मारत होतं. बाकी काही नाही.

घंटा झाल्यावर तिने बिंदुश्रीला थांबवलं.

"काय ग, मधे हसलीस कशाला?"

"दारवानाला पडसं झालंय ना अक्का! म्हणून त्याला राजाचा आवाज ओळखू येत नाही. नाक बंद झालं की कानही बंद होतात, असं अज्जा म्हणतात."

दारवानाचं पडसं काव्यात नव्हतं. पुस्तकात नव्हतं. ते दोड्डप्पांचं होतं, त्या हिवाळ्यात त्यांना स्वतःला पडसं झालं होतं तेव्हा सुचलेलं. स्टुडिओत ते बोलून स्वतःच खो खो हसले होते. तिने ते कापताना 'पांचट' असा शेरा मारला होता.

"कुठले अज्जा?"

बिंदुश्रीने तिच्याकडे असं बघितलं, की जणू मोठ्या माणसांची कीवच करावी. "गोष्टीतले."

"स्पीकरमधून ऐकू येतात?"

"स्पीकरमधून अक्का गातात. आणि तुम्ही बोलता. अज्जा शेजारून बोलतात." मग जरा घुटमळत म्हणाली, "अक्का, पुट्टी कोण?"

"का?"

"अज्जा विचारत होते. सगळ्यांचं हूं झालं, पुट्टीचं नाही झालं. मागे बसलीय ती, म्हणाले." बिंदुश्रीने मागच्या बाकाकडे बघितलं. "मागे तर तुम्हीच असता."

शाल्मलाने नजर फळ्याकडे वळवली. वर्गात एक मुलगा फळा पुसत होता. पुसत पुसत खुर्चीपाशी आला आणि तिला लांबून वळसा घालून गेला. कुणाचे पसरलेले पाय चुकवावेत तसा, अगदी सवयीने. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

५

संध्याकाळी दोड्डम्माचा फोन आला. मागे सुपारी सोलायच्या विळ्यांचा कच्‌कच्‌ आवाज येत होता. हंगाम जोरात होता, अंगणात बायका बसलेल्या असणार.

"येणार आहेस का कधी? का आम्ही मेल्यावर?"

"येते ग. काम आहे."

"तुझं काम! ऐक, यांचे ओठ हलायला लागलेत."

शाल्मला उठून उभी राहिली. "बोलतात?"

"आवाज नाही. नुसते ओठ. डॉक्टर म्हणतात, झटक्यानंतर होतं असं, आपोआप हलतात. आपोआप कसले! मी काय यांना आज ओळखते? बैठकीला बसल्यासारखे हलतात. बोलतात, बोलतात, थांबतात. थांबले की डोळे फिरवतात, कुणी हूं म्हणतंय का बघतात. मग पुन्हा सुरू."

"कधीपासून?"

"मागच्या बुधवारी पहिल्यांदा बघितलं. दुपारी, जेवण झाल्यावर. आज पुन्हा. एरवी गप्प पडून असतात." दोड्डम्मा हसली, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. "मला सोपं झालंय. थांबले की पटकन चमचाभर भाताची गंजी तोंडात घालते."

शाल्मलाला त्या हसण्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुट्टी, कुणी तरी ऐकतंय वाटतं यांना कुठेतरी," दोड्डम्मा म्हणाली. "तू त्या शाळांत लावतेस ना यांचं बोलणं? बुधवारीच ना?"

"हो," शाल्मला म्हणाली. आणि त्या 'हो'मध्ये दोन खोट्या गोष्टी होत्या की एक, हे तिचं तिलाच कळेना.

६

सोमवारी मालिका जिल्हाभर गेली. शनिवारी, रविवारी शाल्मलाने स्वतःला बजावलं होतं की हे योगायोग आहेत. शिकलेली मुलगी आहेस तू. ओठ स्नायूंनी हलतात. पोरं एकमेकांचं बघून हूं म्हणतात. पडशाचा विनोद दोड्डप्पांनी त्या हिवाळ्यात बैठकींतही केला असेल, कुणाच्या तरी आजीने ऐकला असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फक्त सगळी कारणं एका जागी ठेवली की ती एकमेकांकडे बघायला तयार नव्हती.

मंगळवारी सकाळी दोड्डम्माचा फोन. आता ती हसत नव्हती.

"पुट्टी, हे थांबतच नाहीत. काल सकाळपासून सुरू आहे. एकीकडे थांबल्यासारखं करतात, तोवर दुसरंच सुरू. हूंला जागाच नाही. गंजी घालू कुठे? ओठ फाटलेत ग. पाणीसुद्धा बाहेर येतं."

शाल्मला दिवाकर सरांकडे धावली. "थांबवा. सगळं परत मागवा."

"वेडी आहेस का? पहिल्याच दिवशी एवढे फोन आलेत. पोरं प्रार्थनेलासुद्धा हेच लावा म्हणतायत."

"सर, त्यात चूक आहे. मी एक माणूस काढून टाकलाय त्यातून."

"ते अज्जा? अग, मीच सांगितलं होतं ना काढायला. आता घालायचेत? घाल. मूळ आवाज आण, बघू."

मूळ आवाज नव्हते. हे ती त्यांना सांगू शकली असती. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग दिवाकर सरांचा हसरा, वाट बघणारा चेहरा दिसला आणि ती तशीच वळून बाहेर पडली. एका बोटाने पुसलं होतं तिने ते. पुसताना चहा पीत होती.

सागरच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. वाटेत एका गावी रस्त्यालगत शाळा होती. बस थांबली तेव्हा उघड्या खिडक्यांतून सरोजक्कांचं पद ऐकू आलं. पद संपलं. बसमधल्या बायका बोलत होत्या, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी हुज्जत घालत होता. त्या सगळ्या गोंगाटाच्या आरपार, शाळेच्या खिडकीतून, पोरांचा सबंध वर्ग म्हणाला, "हूं."

७

घरात शिरताना अंगणातल्या बायकांनी विळ्या थांबवून तिच्याकडे बघितलं. एक म्हणाली, "आली बघा, रेडिओवाली." दुसरीने तिला कोपर मारलं.

दोड्डप्पांची खाट खिडकीशी होती. सबंध खोलीत सुपारीचा ओला, तुरट वास. ते केवढेसे झाले होते! डावा हात चादरीवर होता, आणि त्या हाताशी दोड्डम्माने त्यांचा अडकित्ता ठेवला होता, लहान मुलाजवळ खेळणं ठेवावं तसा. ओठ हलत होते. घाईने, अडखळत, एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्याची सुरुवात. कडांना रक्त सुकलं होतं. आवाज अजिबात नव्हता. फक्त ओठांची ओली, बारीक चटचट.

दोड्डम्मा वाटी घेऊन बसलेली. गंजीवर साय धरली होती.

"बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. "आणि तो स्पीकर आणलायस ना? लाव. स्वतःला ऐकलं की थांबतील कदाचित."

"दोड्डम्मा, त्यात..."

"काय?"

शाल्मला खाटेपाशी खाली बसली. दोड्डप्पांच्या डाव्या हाताला. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की शाळेतली पोरं ज्या खुर्चीकडे बघतात ती सांगणाऱ्याची जागा, आणि आपण आत्ता तिच्यासमोर, श्रोत्यांच्या जागी आहोत. तिने कान त्यांच्या ओठांशी नेला. श्वास कानाला लागत होता, कोमट. शब्द एकही नव्हता.

तेवढ्यात ओठ थांबले.

दोड्डप्पांचे डोळे हळूहळू वळले आणि तिच्यावर येऊन ठेपले. किती तरी दिवसांनी कुणी तरी ऐकायला समोर येऊन बसलं होतं.

"थांबले!" दोड्डम्मा कुजबुजली. चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. ते वाट बघत होते. एवढ्या वर्षांत बदललं नव्हतं ते बघणं.

"हूं," शाल्मला म्हणाली.

दोड्डप्पांच्या भुवया वर गेल्या. उजवी हलेना, डावीच तेवढी गेली.

अंगणातल्या विळ्या थांबल्या होत्या. बायका दारात येऊन उभ्या होत्या आणि सगळ्या शाल्मलाकडे बघत होत्या. त्यांनी ऐकलं होतं काय? त्यांनी काय ऐकलं होतं?

८

तिच्या हातातला फोन वाजला. सातवीच्या जयंती मिस.

"शाल्मला, अग काय झालंय तुझ्या त्या काव्याला? वेशीचं पद संपलं आणि सगळं ठप्प. मी स्पीकर बंद केला, चालू केला. पोरं जागची उठत नाहीत. सुट्टी झाली तरी बसलीत. एक शब्द बोलत नाहीत. मला भीती वाटायला लागलीय."

"आज मंगळवार आहे," शाल्मला मूर्खासारखं म्हणाली.

"पोरांनीच लाव म्हणून गळ घातली. थांब, ही बिंदुश्री काहीतरी म्हणतेय."

फोनवर श्वास ऐकू आला. मग बिंदुश्रीचा आवाज, रडवेला नव्हे, वैतागलेला.

"अक्का, सांगा ना लवकर. अज्जा थांबलेत. तुमच्यासाठी सगळे खोळंबलेत."

"काय सांगू?"

"ते काय म्हणाले ते. त्यांनी तुम्हाला विचारलंय ना!"

शाल्मलाने वर बघितलं. दोड्डप्पा तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर तिला भांडता आलं असतं. म्हाताऱ्यांशी भांडायची तिला जन्माची सवय होती. ते नुसते थांबले होते, डावी भुवई वर धरून, अगदी शांतपणे. फाटलेल्या ओठांच्या कडेला गंजीचा एक थेंब सुकला होता. ती काय सांगते हे ऐकायला आत्ता दोड्डम्मा थांबली होती, दारातल्या बायका थांबल्या होत्या, शिमोग्यातला एक वर्ग थांबला होता. आणखी कुठे कुठे किती, कोण जाणे.

पडशाचं सांगावं, तिच्या मनात आलं. दारवानाला पडसं झालंय, असं म्हणालात. कदाचित चाललंही असतं. पण ते तिने आज ऐकलं नव्हतं. खरं तर त्या हिवाळ्यातही नव्हतं ऐकलं. काच मधे होती, आणि ती घड्याळाकडे बघत होती.

"ऐकलं नाही दोड्डप्पा," ती म्हणाली. आवाज तिच्या स्वतःच्या कानांनाही लहान मुलीसारखा लागला. "मी ऐकलंच नाही. तुमचं त्यात काहीही नाहीय. मी सगळं कापलं. मूळचंही पुसून टाकलं. तुम्हाला खोटं सांगितलं."

दोड्डम्माच्या हातातला चमचा वाटीत पडला.

दोड्डप्पांची भुवई खाली आली. तोंडाची जिवंत होती ती बाजू किंचित वर उचलली गेली, म्हणजे ते हसले असावेत. 'बरं' म्हणताना ओठ जेवढे हलतात, तेवढेच हलले. चादरीवरच्या डाव्या हाताने अडकित्ता चाचपला, आणि तो कट्‌कन वाजला.

मग ओठ पुन्हा हलू लागले. सावकाश, न चुकता, पदाच्या पहिल्या शब्दापासून.

आणि शाल्मलाच्या हातातल्या फोनमधून सातवीचा सगळा वर्ग, एका सुरात, कंटाळून म्हणाला, "अय्योऽऽ."

दारातल्या बायकांपैकी कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज झाला. मग दुसरी बसली. दोड्डम्मा शाल्मलाकडे बघत नव्हती. कधी बघेल असंही वाटत नव्हतं. शाल्मला पुढे सरकली, कान त्या फाटक्या ओठांना जवळजवळ टेकवला आणि श्वास रोखून, जन्मात ऐकलं नव्हतं इतकं लक्ष देऊन ऐकू लागली.

काहीच ऐकू येत नव्हतं. आणि थोड्याच वेळात ते थांबणार होते.